पाइपाचे लाकूड आणि आलीचा रंग

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तंबाखू ओढली गेली ती कुंभाराच्या चिलमीतून, नाही तर टेंभुर्णीच्या पानाच्या विडीतून. लाकडी पाइप शोभला साहेबाच्या तोंडी. मग त्या पाइपाच्या रंगाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पोटापाण्याचा आहे.

फ्रान्सच्या जुरा डोंगरात सेंट-क्लोद गाव आहे. तेथील कारागीर 1850 च्या दशकापासून भूमध्यसमुद्राकाठच्या ब्रायर झुडपाच्या मुळाची गाठ कोरून पाइप करू लागले. गाठ उकळायची, महिनोन्‌महिने सुकवायची, कोरायची, घासायची. मग स्पिरिटात कालवलेला गडद रंग द्यायचा. लाकडाचा मऊ भाग रंग पितो, कठीण भाग थोडाच घेतो. पुन्हा घासले की कठीण भागावरचा रंग निघतो, मऊ भागातला टिकतो, आणि ज्वाळांसारख्या रेषा उमटतात. शेवटी फिक्या रंगाचा हात आणि मेणाची झिलई.

असे रंग पुढे दगडी कोळशाच्या डांबरातून निघू लागले. 1856 साली पर्किनने जांभळा रंग काढला. 1868 साली ग्रेब व लीबरमान यांनी अलिझरिन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत केला. इकडे वऱ्हाड-मध्यप्रांतात शेतकरी आल लावून तीन-चार वर्षे थांबे, मग मुळे खणी. मुळांच्या सालीतल्या तांबड्या रंगाने रंगारी खारवा रंगवी. 1870 साली खामगावला आगगाडी आली. कापूस बाहेर गेला, गिरणीचे कापड आणि स्वस्त रंग आत आले. आलीची शेती मोडली, रंगाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या.

यंत्राने आणि बाजाराने सेंट-क्लोदच्या कामगारालाही सोडले नव्हते. पण तेथे 1881 साली ‘ला फ्रातेर्नेल’ ही सहकारी संस्था निघाली. पुढे तिने नफा सभासदांत न वाटता आजारी व वृद्धांसाठी सामाईक निधीत घातला, आणि 1910 साली आपले लोकगृह उभारले. आमचा रंगारी मात्र गावोगाव एकेकटा होता, एकेकटाच बुडाला.

रंग लाकडात रेषा घालीत नाही. असलेल्या रेषा दाखवितो. कामगाराचे बळही त्याच्यातच असते. संघटना ते जगाला दाखविते, आणि मुख्य म्हणजे त्याचे त्याला दाखविते.