काटकोन, पण कशाशी? पेनच्या लाकडी ठोकळ्याचा छोटा इतिहास

गुण्या लावून बघितलं तर लाकडाचं तोंड एकदम काटकोनात. पेन जोडलं की मात्र लाकूड आणि धातूची कडी यांच्यात एका बाजूला फट दिसते. लेथवर लाकडी पेन बनवणाऱ्यांना हा प्रकार कधी ना कधी भेटतोच. गुण्या बरोबर असतो, करवतही सरळ चाललेली असते. मग चुकतं कुठे?

आधी काम समजून घेऊ. साधारण पाऊण इंच चौरस ठोकळा घ्यायचा, लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडायचं आणि त्यात पितळी नळी चिकटवायची. मग ठोकळ्याची दोन्ही तोंडं नळीच्या कडेपर्यंत सपाट करायची आणि मँड्रेलवर चढवून लाकूड गोल कातायचं. आता ड्रिलचा बिट लाकडाच्या रेषांमागे थोडा भरकटतो. समजा ६० मिमी लांबीत तो १ मिमी सरकला. तुम्ही ठोकळ्याच्या बाहेरच्या बाजूला गुण्या टेकवून तोंड कापलं, तर ते त्या बाजूशी काटकोनात आलं. पण ती बाजू कातताना भुशात जाणार आहे! उरणार ती नळी, आणि नळीशी तोंड तिरपं आहे. तयार पेनची जाडी ९ मिमी धरली तर फट ०.१५ मिमी, म्हणजे साधारण दोन केसांएवढी. नख फिरवलं की लागते. शिवाय नट आवळला की तिरपं तोंड मँड्रेललाच वाकवतं, आणि लाकूड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ उतरतं.

म्हणजे काटकोन हा एकट्या तोंडाचा गुण नाही. तो कुठल्यातरी अक्षाशी असतो, आणि पेनच्या इतिहासात हा अक्ष बदलत गेलाय.

बोरूला हा प्रश्नच नव्हता. त्याचं टोक मुद्दाम तिरपं छाटायचं, त्यावर अक्षराचं वळण ठरायचं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं कातीव काम घ्या. दोन टोकांना दोन अणकुच्या, मध्ये फिरणारं लाकूड. अक्ष म्हणजे त्या दोन अणकुच्यांना जोडणारी रेषा, आणि गोलाई तिच्याशी चोख. तोंड मात्र अणकुचीनेच अडवलेलं असतं, ते नंतर कापून साफ करायचं. भोवऱ्याला तेवढं पुरतं. म्हणून "पारंपरिक कारागिरांकडे अचूकता नव्हती" असं वाक्य प्रबंधात दिसलं की मला विचारावंसं वाटतं, कशाच्या तुलनेत? कातारी गोलाईत अचूक होता. तोंडाची अचूकता त्याच्याकडे कुणी मागितलीच नव्हती.

ती मागणी आटे आणि टोपणवाल्या फाउंटन पेनने आणली. इथे आपला विदर्भ येतो. स्वदेशीच्या काळात राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी पेनं बनवली. त्यांतलं एक कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं आणि १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून पोच दिली, की परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. रत्नम पेन ओळखलं जातं ते एबोनाइटसाठी, म्हणजे कडक केलेल्या रबरासाठी. अशी कांडी लेथच्या चकमध्ये धरली की एकाच पकडीत भोकही पाडता येतं आणि तोंडही घेता येतं. अक्ष एकच, त्यामुळे काटकोन जवळजवळ फुकटात मिळतो.

सुट्या भागांच्या किटमधून घरच्या लेथवर बनणाऱ्या लाकडी पेनमध्ये ही सोय सुटते. भोक एका यंत्रावर, कातणं दुसऱ्यावर. म्हणून पेन मिल नावाचं हत्यार आलं. त्याचा दांडा पितळी नळीत घट्ट बसतो आणि दांड्याभोवतीची पाती तोंड खरवडतात. गुण्या लागतच नाही, नळी स्वतःच दिशा दाखवते. पितळ चमकलं की थांबायचं. त्यापुढे गेलं तर नळीच आखूड होते आणि रिफिल नीट आत-बाहेर होत नाही. सागवानात सिलिका असते, त्याने पात्यांची धार लवकर जाते, आणि बोथट पाती तोंडाचे टवके काढतात. मग सँडिंग डिस्क बरी, पण तिथेही दांडा नळीतच हवा.

बरं, खुद्द गुण्या कशाशी ताडायचा? सुतार फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारतो, तो उलटा करून त्याच जागी पुन्हा मारतो. दोन रेघा जुळल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर चूक दुप्पट होऊन दिसते. जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये सपाट पृष्ठांबद्दल मांडलेली पद्धत याच जातीची: तीन पाट्या आळीपाळीने एकमेकींशी ताडत उंचवटे खरवडायचे, की तिन्ही सपाट होतात. बाहेरून आणलेला नमुना दोन्हीकडे लागत नाही.

आता प्रयोगशाळेत या. वाशिम जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर बसलाय. या खडकाची दाबक्षमता मोजायला गोल नमुना कापतात, आणि आंतरराष्ट्रीय खडकयांत्रिकी संस्थेच्या सूचनेनुसार त्याची तोंडं ०.०२ मिमीच्या आत सपाट आणि अक्षाशी काटकोनात हवीत, फरक ५० मिमीला ०.०५ मिमीपर्यंत चालतो. तिरप्या तोंडावर दाब एका कडेला साचतो आणि खडक आहे त्यापेक्षा कमजोर भासतो. इथे बाहेरची बाजू भुशात जात नाही, तीच नमुन्याचा अक्ष ठरवते. त्यामुळे पेनच्या ठोकळ्याला फसवणारा गुण्या इथे बाहेरून टेकवला तरी योग्य जागीच असतो. जुन्या अहवालातले दाबक्षमतेचे आकडे आपल्या तक्त्यात घेण्याआधी त्यात नमुन्यांची तोंडं कशी तयार केली आणि कशाशी ताडली हे लिहिलंय का, ते पान आधी शोधा.