एच आकाराच्या शाळेची कुळकथा

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, 109 व्या रस्त्यावर पी. एस. 165 ही सरकारी प्राथमिक शाळा आहे. समोर उभं राहिलं की इमारतीचे दोन पाखे रस्त्यापर्यंत आलेले दिसतात आणि मधला भाग बराच आत. त्यांच्यामध्ये अंगण, रस्त्याच्या बाजूने मोकळं. वळसा घालून मागच्या 108 व्या रस्त्यावर गेलं तर तिथेही तसंच अंगण. आकाशातून पाहिलं तर इंग्रजी एच.

हा आकार जागेच्या भावाने घडवला. 1890 नंतरच्या दशकात युरोपातून बोटी भरभरून माणसं या शहरात येत होती. शाळांत जागा नाही म्हणून मुलांना परत पाठवावं लागे. नव्या शाळेसाठी कोपऱ्याचा प्लॉट बरा, कारण दोन बाजूंना रस्ता असला की उजेडाची खात्री. पण तो महाग, आणि दोन्हीकडून घोडागाड्यांचा खडखडाट. मधला प्लॉट स्वस्त. मात्र शेजारी उद्या उंच इमारत उठली की वर्गात दिवसाढवळ्या अंधार.

चार्ल्स स्नायडर हे 1891 पासून शहराच्या शालेय इमारतींचे प्रमुख होते. 1896 साली ते युरोपात शाळा पाहायला गेले. पॅरिसमध्ये त्यांच्या नजरेत भरला तो मात्र ओतेल द क्लुनी हा पंधराव्या शतकातला वाडा. आपल्या वाड्याचा चौक चारी बाजूंनी बंद असतो, उजेड वरून उतरतो. क्लुनीच्या अंगणाला तीन बाजूंनी इमारत आणि चौथ्या बाजूला रस्ता. स्नायडर यांनी अशी दोन अंगणं पाठीला पाठ लावून बसवली आणि एका रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत पोचणारी शाळा आखली. आता शेजाऱ्याने भिंतीला भिंत लावून बांधलं तरी वर्गांच्या खिडक्या शाळेच्याच अंगणात उघडणार. तिथला उजेड कोणाला अडवता येणार नव्हता. 1900 च्या सुमारास पुरी झालेली पी. एस. 165 ही या आराखड्याच्या पहिल्या शाळांपैकी एक.

इमारतीचा भार पोलादी सांगाड्यावर गेल्यामुळे खिडक्या हव्या तेवढ्या रुंद करता आल्या. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्नायडर यांचा दुहेरी जिना. एकाच जिनाघरात दोन जिने एकमेकांना वेढत उतरतात, मध्ये भिंत. एकावरची मुलं दुसऱ्यावरच्या मुलांना आडवी येत नाहीत. आग लागली तर पाच मजल्यांची शाळा चेंगराचेंगरीशिवाय रिकामी व्हावी, म्हणून हा खटाटोप. जागा तेवढीच, वाटा दुप्पट.

खेळायला जागा हवीच, असा कायदा नव्या शाळांसाठी 1895 मध्ये झाला होता. दाट वस्तीत ती गच्चीवर काढली गेली.

तीस वर्षांच्या कारकिर्दीत स्नायडर यांनी नव्या शाळा आणि वाढीव भाग मिळून चारशेच्या वर बांधकामं केली. ईस्ट व्हिलेजमधल्या, 1906 साली पूर्ण झालेल्या पी. एस. 64 मध्ये त्यांनी सभागृह तळमजल्यावर घेतलं आणि त्याला थेट रस्त्यावरून दार दिलं. दिवसभर राबून आलेल्या परदेशी आईबापांना संध्याकाळची मोफत व्याख्यानं तिथे ऐकता येत. ती शाळा 1977 मध्ये बंद झाली; पुढे वस्तीतल्या लोकांनी तिथे कला आणि समाजकार्याचं केंद्र चालवलं आणि 2006 मध्ये शहराने तिला वारसा वास्तू ठरवलं. पी. एस. 165 मध्ये आजही वर्ग भरतात.