पोकळ बियांचा मेपल

पेपरबार्क मेपलची कथा बहुधा अर्नेस्ट विल्सनच्या नावाने सांगितली जाते. इंग्लंडच्या व्हेइच रोपवाटिकेने चीनला धाडलेल्या विल्सनने १९०१मध्ये हुबेईच्या डोंगरांतून या झाडाचं बी पाठवलं आणि दालचिनीच्या रंगाची, भूर्जासारखी पापुद्रे सोडणारी ही साल युरोपच्या बागांत पोचली. पण पॅरिसचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांशे यांनी वाळवलेल्या नमुन्यांवरून १८९४मध्येच या मेपलचं वर्णन छापलं होतं. झाड शोधणं आणि ते बागेत रुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि माझ्या मते या मेपलचा खरा इतिहास दुसऱ्या कामाचा आहे. कारण त्याच्या पंखी फळांत बहुतेक वेळा काहीच नसतं. परागीकरण झालं नाही तरी फळ धरतं, कवच लाकडासारखं टणक होतं आणि आत पोकळ राहतं. जे थोडं बी भरतं, तेही उगवायला अनेकदा दोन वर्षं घेतं. विल्सनने १९०७मध्ये बोस्टनच्या अर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानासाठी चीनमधून या झाडाची उगवलेली रोपं पाठवली, याचं महत्त्व इथे कळतं.

यावर कुणी म्हणेल, बी नसलं तर कलमं करावीत. पण याच्या फांद्या मुळं धरायला फार कुरकुरतात आणि डोळा बांधायला जवळच्या नात्यातला खुंट लागतो, तोही दुर्मीळ. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष झाडाचाच, माळ्याचा काय? काही अंशी खरं. रानातही बी कमीच भरतं. तरीही शोभेच्या हव्यासापायी हे झाड शतकभर हिरवळीवर एकेकटं लावलं गेलं. शेजारी दुसरं झाड नसेल तर परागकण यायचे कुठून? त्यात बागांतली बहुतेक झाडं मोजक्याच आयातींची वंशज, म्हणजे शेजारी असला तरी बहुधा नात्यातलाच. चीनमध्ये ही जात आता धोक्यात आहे. २०१५मध्ये अमेरिकी वनस्पती-उद्यानांचे अभ्यासक चिनी सहकाऱ्यांबरोबर तिथल्या डोंगरांत गेले, ते रानात उरलेली विविधता तपासायला. रोपवाटिकेत मात्र काम तेच, जुनं: मूठभर फळं घ्यायची, कवच चिरून आत गर आहे का पाहायचं, आणि उरलेली फळं पेरून त्या कुंड्या दुसऱ्या वसंतापर्यंत ओल्या ठेवायच्या.