नाव धरणारा डोंगर

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे. आसपासच्या गावांत तिला सगळे ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. तिचं तिबेटी नाव नोरग्येलिंग. ती वसली १९७२ साली. भंडाऱ्यातून वेगळा गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, त्यामुळे तिबेटी लोकांच्या बोलण्यात ती अजूनही ‘भंडारा’च आहे. तिथल्या एका घरात स्वेटर पाहत बसलो असताना भिंतीवर ल्हासाच्या पोताला राजवाड्याचा फोटो दिसला. मी चीनमधल्या चेंगडेहून नुकताच परतलो होतो. घरातल्या आजोबांना म्हणालो, “याची नक्कल मी बघून आलो.” ते म्हणाले, “नाव तरी समजून घेतलंस का? आमच्या पोथ्यांत पोतालाला द्रुझिन म्हणतात. द्रु म्हणजे होडी, झिन म्हणजे धरणारा.”

होडी धरणारा! समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच, जिथून समुद्र शेकडो कोस दूर, तिथल्या टेकडीला हे नाव? त्या दिवसापासून या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

चेंगडेचं थोडक्यात सांगतो. छ्येनलुंग बादशहाने १७६७ ते १७७१ या काळात स्वतःच्या साठीसाठी आणि आईच्या ऐंशीसाठी पोतालाच्या धर्तीवर तिथे मंदिर बांधवलं. नाव ठेवलं ‘पुतुओ झोंगचेंग’. यातलं पुतुओ म्हणजे पोतालाच, चिनी जिभेवर वळलेला. आवार बावीस हेक्टरांचं आहे. मागे डोंगरउतारावर पांढरा चौथरा आणि त्यावर लाल वाडा, दोन्ही मिळून त्रेचाळीस मीटर. लांबून खिडक्यांच्या रांगा मोजत गेलो आणि भिंतीला हात लावला तेव्हा कळलं, त्यातल्या कितीतरी आंधळ्या आहेत. चौकट आहे, आत नुसती भिंत. १९९४ पासून हे सगळं जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आता मूळ शब्द. चिनी पुतुओ आणि तिबेटी पोताला, दोघांचाही पूर्वज संस्कृत ‘पोतलक’. गंडव्यूह सूत्र या बौद्ध ग्रंथात सुधन नावाचा तरुण गुरू शोधत हिंडतो आणि पोतलक पर्वतावर त्याला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर भेटतो. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगनेही सातव्या शतकात हा डोंगर दक्षिणेत, मलय पर्वताच्या पूर्वेला सांगितला आहे: अवघड वाटा, माथ्यावर तळं, तळ्याकाठी देवाचं दगडी घर, आणि ईशान्येला समुद्रकाठचं गाव, जिथून सिंहलद्वीपाला गलबतं सुटत. तिबेटी लोक दलाई लामांना अवलोकितेश्वराचा अवतार मानतात. पाचव्या दलाई लामांनी १६४५ मध्ये ल्हासात राजवाड्याचं काम काढलं, तेव्हा अवताराच्या घराला देवाच्या घराचं नाव मिळालं. एवढ्यावर वाद नाही.

वाद आहे तो ‘पोतलक’च्या अर्थावर. शू हिकोसाका हे जपानी अभ्यासक म्हणतात, हा तमिळनाडूतला पोदियिल डोंगर, अगस्त्यमलईच्या रांगेतला. बोधि अधिक इल, म्हणजे बुद्धाचं घर. जागा मला पटते, कारण ह्युएन त्संगचं वर्णन तिथे चपखल बसतं. अर्थ पटत नाही. ‘बोधि’सारखा शब्द समोर असता तर बौद्ध पंडितांनी तो हातचा जाऊ दिला नसता. पण भारतीय पंडितांच्या शेजारी बसून ग्रंथ उतरवणाऱ्या तिबेटी भाषांतरकारांनी पोतलकाचा अर्थ केला होडी धरणारा, म्हणजे बंदर. संस्कृतात पोत म्हणजे नौका हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोणी म्हणेल, भाषांतरकारांनी नुसता शब्द फोडून दाखवला. फोडला असेल, पण फोडताना त्यांना जहाजच का दिसलं?

आपल्याकडच्या काहींना अश्मकांची राजधानी पोतली आठवेल. पाली ग्रंथांतली ही नगरी तेलंगणातलं बोधन मानली जाते, नांदेडच्या अगदी शेजारी. मोह मलाही झाला होता; पण ती नगरी आहे, डोंगर नव्हे, आणि तिला समुद्रही नाही. पोतराजाला तर यात ओढूच नये. तो तेलुगू पोतुराजूचा वंशज.

माझा साक्षीदार दगडात आहे. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात, दाराशेजारच्या भिंतीवर, अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ महाभयं कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. आणि एक फुटणारं जहाज. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही हाच देव, हेच जहाज. सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांना वादळात हाक मारायला हा देव होता. बुडत्यांना तारणाऱ्या देवाचं घर ‘बंदर’ असावं, याहून साधा अर्थ मला दुसरा दिसत नाही. पुढे हे नाव जिथे गेलं तिथे पाणी शोधत गेलं. चीनच्या किनाऱ्यालगत पुतुओशान हे बेट आहे. जपानात नाचीच्या किनाऱ्यावरून भिक्षू ‘फुदाराकु’ला जाण्यासाठी होडीत बसून समुद्रात निघत, परत न येण्यासाठी. अपवाद ल्हासा आणि चेंगडे, आणि दोन्हीकडे नाव नेलं ते सत्तेने.

कॅम्पापासून इटियाडोहचा जलाशय जवळच आहे. परतताना काठावर ढिवरांचे डोंगे खुंट्यांना बांधलेले होते. मागून आजोबांना विचारलं, नोरग्येलिंगमधल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ काय? लिहितात ग्लिंग, म्हणतात लिंग. अर्थ, बेट.