न बांधलेल्या धरणाचं उद्यान

अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या सीमेवरून डेलावेअर नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवर 'डेलावेअर वॉटर गॅप नॅशनल रिक्रिएशन एरिया' हे सुमारे ७०,००० एकरांचं उद्यान आहे. लोक होडीतून येतात, काठावर तंबू ठोकतात, अ‍ॅपलेशियन ट्रेलवर चालतात. स्थापना १९६५. निसर्ग वाचवायला केलं असणार, असं तुम्ही म्हणाल. पण हे उद्यान मुळात नदीसाठी नव्हतंच. ते एका जलाशयाच्या काठासाठी होतं.

ऑगस्ट १९५५ मध्ये कॉनी आणि डायन ही वादळं लागोपाठ आली आणि डेलावेअरला महापूर आला. मग १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं टॉक्स आयलंड धरणाला मंजुरी दिली. साधारण ६० किलोमीटर लांबीचा जलाशय होणार आणि त्याभोवती पर्यटन, अशी ती योजना.

जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या. हजारो लोकांना घरं सोडावी लागली, कित्येक घरं पाडली गेली. धरण मात्र झालंच नाही! आपल्याकडचा 'धरणग्रस्त' हा शब्द या लोकांना लावायचा की नाही, यावर मी बराच वेळ अडले होते. लावायचाच, असं माझं मत.

धरण का अडलं? खर्च वाढत गेला, व्हिएतनाम युद्धानं पैसा खाल्ला, स्थानिकांचा विरोध होता. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणखी दोन कारणं बघावीत. पायाखाली सलग खडक नव्हता, हिमनदीनं आणून टाकलेली माती-गोटे होते. शिवाय वरच्या भागातल्या शेतीतून, कोंबड्यांच्या फार्ममधून येणारं फॉस्फरस साठलेल्या पाण्यात शेवाळ माजवेल, ही भीती. वाहत्या नदीत हाच प्रश्न इतका गंभीर नसतो, म्हणून तो आधी कुणाला टोचला नव्हता.

१९७५ मध्ये चार राज्यांपैकी न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि डेलावेअर यांनी विरोधात मत दिलं. पेनसिल्व्हेनिया एकटं बाजूनं. १९७८ मध्ये नदीच्या या भागाला कायद्यानं संरक्षण मिळालं. धरणाची मंजुरी रद्द व्हायला मात्र १९९२ उजाडलं.

या विषयावर वाचायचं असेल तर उद्यानाच्या नावानं शोधू नका, बहुतेक ट्रेलचे नकाशेच हाती लागतील. 'टॉक्स आयलंड' शोधा. आणि नकाशात वॉलपॅक सेंटर हे गाव बघा: चर्च आहे, काही घरं आहेत, राहणारं जवळपास कुणी नाही.