भविष्य खरंच कळतं का? रोमच्या सिसेरोचा प्रश्न आणि पुण्यातली चाचणी

'पत्रिका जुळत नाही' म्हणून चांगलं स्थळ नाकारल्याचं तुम्हीही ऐकलं असेल. पण पत्रिकेवरून सांगितलेलं खरं ठरतं का, हे तपासायचं कसं? हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे.

प्राचीन काळी वाद काय होता?

ग्रीसमधल्या स्टोइक पंथाचे बहुतेक तत्त्वज्ञ मानायचे की, विश्वातली प्रत्येक गोष्ट दुसरीशी जोडलेली आहे. म्हणून पक्ष्यांचं उडणं, बळी दिलेल्या जनावराचं यकृत, स्वप्नं यांतून पुढचं कळू शकतं.

रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये यावर संवादाच्या रूपात ग्रंथ लिहिला. त्यात त्याचा भाऊ क्विंटस भविष्यकथनाची बाजू मांडतो. कारण माहीत नसलं तरी अनुभव येतोच ना, असं तो म्हणतो. सिसेरो ते खोडून काढतो. विशेष म्हणजे तो स्वतः शकुन पाहणाऱ्या सरकारी पुरोहितांपैकी एक होता!

सिसेरोचं म्हणणं काय?

इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत हजारो रोमन सैनिक मारले गेले. त्या सगळ्यांची जन्मवेळेची ग्रहस्थिती एकच होती का, असं तो विचारतो. आणि दिवसभर नेम धरत राहिलं, तर एखादा लागणारच. म्हणजे लागलेले नेम सांगताना चुकलेलेही मोजायला हवेत.

पुण्यात हे कसं मोजलं?

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी 2008 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासोबत एक चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं.

निकाल काय लागला?

27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. सर्वांत चांगली कामगिरी 40 पैकी 24. एका ज्योतिष संस्थेने सर्व 200 पत्रिका तपासल्या, त्यातल्या 102 बरोबर निघाल्या. नाणेफेक केली असती, तरी साधारण निम्मी उत्तरं बरोबर आलीच असती. 2009 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

यातून काय घ्यायचं?

ही चाचणी बुद्धिमत्तेपुरतीच होती. लग्न, नोकरी, आजार यांबद्दलची भाकितं तिने तपासली नाहीत. पण तपासण्याची रीत मात्र दाखवून दिली. पुढच्या वेळी कुणी 'आमच्या गुरुजींचं सगळं खरं ठरतं' म्हटलं, तर विचारा: चुकलेली किती, ते मोजलंय का?