चाल यंत्राची, शब्द माणसाचे

चाल आधी आणि शब्द मागाहून, ही चित्रपटसृष्टीतील रीत जुनीच आहे. गीतकाराने कितीही कुरकुर केली तरी तयार चालीच्या मापाने त्याला शब्द बेतावेच लागतात. १९५६ साली अमेरिकेत जॅक ओवेन्स या गीतकाराने नेमके हेच केले. फरक इतकाच की, त्याच्यापुढे आलेली चाल ‘डेटाट्रॉन’ नावाच्या गणकयंत्राने रचली होती. गाण्याचे नाव ‘पुश बटन बर्था’.

मार्टिन क्लाइन व डग्लस बोलिथो या दोघांनी त्या काळची लोकप्रिय गाणी तपासून त्यांतून नियम काढले होते. उदाहरणार्थ, पाच स्वर लागोपाठ वर चढले तर सहाव्याने खाली उतरावे. यंत्र यदृच्छेने एकेक स्वर पुढे करी; नियमात बसला तर ठेवी, नाही तर टाकून देई. गाणे काही अजरामर झाले नाही, आणि त्यात नवल नाही. चाळणीतून पीठ पडते. भाकरी थापावी लागते ती हातानेच.

हा हात कोणाचा, हेच पुढच्या साऱ्या इतिहासाचे मर्म होय. डेव्हिड कोप या अमेरिकन संगीतकाराची गोष्ट पाहावी. १९८१ साली एक ऑपेरा लिहिताना त्यांची प्रतिभा अडून बसली. आपली शैली यंत्राला शिकवावी आणि पुढचा स्वर त्याच्याकडून घ्यावा, असे त्यांनी योजिले. परंतु आपली शैली म्हणजे नेमके काय, हे त्यांचे त्यांनाच सांगता येईना! तेव्हा ते बाखसारख्या दिवंगत रचनाकारांकडे वळले. त्यांच्या रचनांचे तुकडे करून, ते नव्याने जुळविणारी पद्धत त्यांनी सिद्ध केली. यंत्र रचनांचा ढीग घाली. त्यातले ठेवायचे कोणते, हे कोप ठरवीत.

२०१६ साली पॅरिसमधील सोनीच्या संशोधनशाळेतून ‘डॅडीज कार’ हे गाणे बाहेर आले. यंत्राने हजारो गाण्यांच्या स्वरलिपी अभ्यासल्या होत्या. बीटल्सचा ढंग निवडला तो बेन्वा कारे या संगीतकाराने. वाद्यमेळ बांधला आणि शब्द लिहिले तेही त्यानेच. वाद्यमेळाचे हेच काम मुंबईच्या चित्रपटांत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय वादकांनी वर्षानुवर्षे केले; श्रोत्यांना त्यांची नावे क्वचितच ठाऊक असत. यंत्राला नाव मिळाले नाही तर त्याचे काही बिघडत नाही. माणसाचे बिघडते.

गणकयंत्राने रचलेली संगीतकृती नोंदणीसाठी आल्याचे अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने १९६५ च्या अहवालात नमूद केले होते. कर्ता माणूस आणि यंत्र केवळ साधन, की उलट, असा प्रश्न त्याच वेळी उभा राहिला. आता दोन ओळींची सूचना लिहिताच सबंध गाणे वाजवून दाखविणारी यंत्रणा घरोघरी पोहोचली आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी ‘सुनो’ व ‘उडिओ’ या कंपन्यांवर दावे लावले. आपली गाणी परवानगीवाचून यंत्राला शिकवली, ही त्यांची तक्रार होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कॉपीराइट कार्यालयाने आपले मत दिले: यंत्राला नुसती सूचना करणारा मनुष्य कर्ता ठरत नाही, मात्र यंत्राने दिलेल्यातून त्याने स्वतः केलेली निवड, मांडणी आणि फेरफार यांना संरक्षण मिळू शकते. ओवेन्सने लिहिलेले शब्द या कसोटीलाही उतरले असते. बर्थाची चाल मात्र अधांतरीच राहिली असती.